साध्या टर्नटेबलचा आवाज सुधारायचा तर पैसे कुठे घालावेत आणि कुठे नाही

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घेऊन दोन-तीन महिने झाले की बहुतेकांना एकच शंका येते: हेच गाणं फोनवर जास्त स्वच्छ का वाजतं? मग खरेदी सुरू होते. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबल, रेकॉर्डच्या मधोमध ठेवायचं पितळी वजन, कातड्याची मॅट. या वस्तू वाईट नाहीत, पण त्यांचा नंबर फार उशिरा लागतो. कमी किमतीच्या टर्नटेबलवर आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा सुई खाचेत नीट बसलेली नसते म्हणून, नाहीतर सुई मुळातच साधी किंवा झिजलेली असते म्हणून. उरलेला दोष रेकॉर्डवरच्या घाणीचा. सेटिंग आणि धुलाई जवळपास फुकटात होते, खर्च फक्त सुईचा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग आर्मचं (सुई धरणाऱ्या लांब दांड्याचं) सेटिंग, मग रेकॉर्ड धुणं, त्यानंतर सुई किंवा कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती आर्मच्या टोकाची डबी), आणि सगळ्यात शेवटी प्री-अँप, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारी जोडणी. खर्च करताना आणखी एक पथ्य पाळा. उद्या टर्नटेबल बदललं तर जे बरोबर नेता येईल त्यावर आधी पैसे घाला.

हातात नेमकं काय आहे

आतच स्पीकर असलेले सूटकेससारखे प्लेअर दिसायला गोड असतात. त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि सुईचा दाब पाच-सहा ग्रॅमच्या घरात जातो. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दोन ग्रॅम पुरतात. आर्मच्या मागे फिरवायचं वजन नाही, त्यामुळे दाब कमी करण्याची सोयच नाही, आणि स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्याची थरथर सरळ सुईत जाते. यावर एक रुपयाही घालू नका. विकून टाका किंवा शोभेला ठेवा. आजोबांच्या काळचा एचएमव्ही फिएस्टा माळ्यावरून काढला असेल तर तो दुरुस्त करून जरूर वाजवा, पण त्याच्या सिरॅमिक पिकअपखाली नव्या कोऱ्या एलपी देऊ नका.

दुसरा गट ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्ससारख्या पूर्ण स्वयंचलित यंत्रांचा. बटण दाबलं की आर्म आपोआप जातो, संपलं की परत येतो. इथे कार्ट्रिज मॅग्नेटिकच आहे, पण ते आर्मला कायमचं जोडलेलं. दाब कारखान्यात ठरलेला, अँटी-स्केटची (आर्मची आतल्या बाजूची ओढ सावरणारी) कळ नाही. बदलता येते ती फक्त सुई. तरी या यंत्रातून वाटतं त्यापेक्षा बरंच काही काढता येतं.

तिसरा गट एटी-एलपी१२०एक्स, रेगा प्लॅनर १, प्रो-जेक्टची डेब्यू मालिका यांचा. मागे फिरवायचं वजन आणि पुढे अर्ध्या इंचाच्या अंतरावरच्या दोन स्क्रूंनी बसणारं कार्ट्रिज, म्हणजे १२.७ मिलिमीटरची ती सगळीकडे सारखी असणारी बैठक. अशा यंत्रावर हात चालवायला खूप वाव आहे आणि या लेखाचा मोठा भाग त्यांच्यासाठीच आहे.

जागा आणि पाणसळ

टर्नटेबल म्हणजे थरथर पकडणारं यंत्र. ती थरथर खाचेतून आली की टेबलातून, हे सुईला कळत नाही. साधी चाचणी करा. मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई हलकेच ठेवा, आवाज नेहमीच्या पातळीवर आणा आणि बोटाने टेबलावर टकटक करा. स्पीकरमधून जितका 'धप्प' ऐकू येईल, तितकीच घाण गाणं वाजतानाही आवाजात मिसळत असते. खर्ज फुगल्यासारखा, गिजगिजीत वाटतो तो बहुधा यामुळेच.

स्पीकर आणि टर्नटेबल एकाच कपाटावर असतील तर ते आज वेगळे करा. याच्याइतका स्वस्त आणि मोठा फरक दुसरा नाही. आरसीसी स्लॅबच्या फ्लॅटमध्ये चालण्याचा त्रास फारसा होत नाही. जुन्या वाड्यात किंवा लाकडी तक्तपोशीच्या घरात मात्र कोणी बाजूने गेलं की सुई उडते, तिथे भिंतीत पक्की बसवलेली फळी हाच खरा उपाय.

बाजारात 'आयसोलेशन प्लॅटफॉर्म' म्हणून जे महाग विकलं जातं त्याचं काम कडप्पा चोख करतो. ओटे बनवणाऱ्या फरशीवाल्याकडून ४५ × ३५ सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा कापून घ्या आणि कडा घासून मागा. त्याचं वजन साधारण साडेदहा किलो भरतं. खाली चार कोपऱ्यांना रबरी पॅड ठेवा किंवा स्क्वॉशचे दोन चेंडू मधोमध कापून चार अर्धुकं करा, सपाट बाजू खाली. जड दगड आणि त्याखाली मऊ रबर, ही जोडी टेबलातून येणारी धडधड बऱ्यापैकी गिळते. नुसता दगड टेबलावर टेकवला तर फायदा थोडाच.

मग पाणसळ घ्या, गवंड्याची छोटी चालेल, आणि प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर, ठेवून आडवी-उभी दोन्हीकडे बघा. एका बाजूला उतार असेल तर आर्म तिकडे ओढला जातो आणि पुढची सगळी सेटिंग वाया जातात. फोनमधलं लेव्हल ॲप अडीनडीला चालतं, फक्त फोनचा कॅमेरा मागे फुगलेला असतो हे विसरू नका.

झाकणाबद्दल: वाजवताना ते काढून ठेवा किंवा पूर्ण उघडा. बंद झाकण आवाज पकडून स्वतः थरथरतं. वाजवून झालं की मात्र लगेच लावा, आपल्याकडची धूळ वाट बघत नाही.

दाब, अँटी-स्केट आणि कोन

दागिन्यांचा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. हजाराच्या आत मिळतो आणि जन्मभर पुरतो. आर्मच्या वजनावर छापलेले आकडे अंदाजे असतात, ०.२ ग्रॅमचा फरक सहज निघतो.

आधी अँटी-स्केट शून्यावर आणा. सुईचं टोपण काढा, आर्म विसाव्यातून सोडवा आणि खाली रेकॉर्ड किंवा मॅट नसताना तो हवेत तरंगू द्या. मागचं वजन थोडं-थोडं फिरवत राहा. आर्म आडवा, वर-खाली न झुकता थांबला की तोल साधला. आता वजन न हलवता फक्त त्यावरची आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि मग वजन-चकती एकत्र फिरवून हवा तो दाब द्या. एटी-व्हीएम९५ई या कार्ट्रिजला २.० ग्रॅम सांगितलेला आहे (१.८ ते २.२ चालतो), ऑर्टोफॉन २एम रेडला १.८. शेवटी काट्यावर मोजा. काट्याची ताटली रेकॉर्डच्या उंचीला जितकी जवळ, तितकं मोजमाप खरं. प्लॅटर उचलून काटा खाली ठेवता आला तर उत्तम.

दाबाबद्दल एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे: कमी दाब म्हणजे रेकॉर्डची काळजी. उलट होतं. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतीवरून सुटते, परत आपटते आणि भिंतीचे कण उडवते. शंका असेल तेव्हा कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात राहा.

अँटी-स्केटची कळ दाबाइतक्याच आकड्यावर आणून सुरुवात करा, नंतर कानाने तपासा. फिरत्या रेकॉर्डवर आर्म आपोआप आतल्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे खाचेची आतली भिंत जास्त दाबली जाते आणि बाहेरची सैल पडते. आतल्या भिंतीवर डावा चॅनेल असतो, बाहेरच्या भिंतीवर उजवा. म्हणून फक्त उजव्या स्पीकरमध्ये 'स' आणि 'श' फाटत असतील तर अँटी-स्केट थोडा वाढवा, फक्त डावीकडे फाटत असतील तर कमी करा. दोन्हीकडे सारखंच फाटत असेल तर संशय दाबावर, घाणीवर किंवा सुईच्या झिजेवर घ्या. रेगा प्लॅनर १ मध्ये ही कळ नाही, तिथे ते काम आर्म स्वतःच करतो.

आता कोन. रेकॉर्डची मूळ खाच सरळ रेषेत सरकणाऱ्या यंत्रावर कोरलेली असते आणि आपला आर्म एका टोकाला खिळलेला, तो कमानीत फिरतो. म्हणून कार्ट्रिज पूर्ण बाजूभर खाचेला अचूक समांतर राहूच शकत नाही, फक्त दोन जागी राहतो. त्या जागा कुठे याव्यात याची गणितं ठरलेली आहेत. बेअरवाल्ड पद्धतीत त्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. या बिंदूंचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन जुळवायचा छापील नकाशा, छापून घ्या. इथेच बहुतेकांची गोची होते, कारण झेरॉक्सच्या दुकानात पान 'फिट टू पेज' करून छापतात आणि सगळी मापं दोन-चार टक्क्यांनी आकसतात. छापताना शंभर टक्केच सांगा आणि पानावरची मोजपट्टीची रेघ स्टीलच्या पट्टीने तपासा.

प्रोट्रॅक्टर स्पिंडलवर, म्हणजे प्लॅटरच्या मधल्या खुंटीवर, बसवा, सुई आतल्या बिंदूवर टेकवा आणि समोरून, डोळा पातळीला आणून बघा. कार्ट्रिजच्या कडा छापलेल्या चौकटीला समांतर हव्यात. शक्य असेल तर कार्ट्रिजच्या खोक्यापेक्षा कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी ती बारीक दांडी, बघून जुळवा. मग बाहेरचा बिंदू. तो चुकत असेल तर कार्ट्रिज खाचांत किंचित पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा पहिल्या बिंदूवर या. दोन-चार फेऱ्या होतातच. जमलं की स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली की कार्ट्रिज फिरतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उंचीचा कोन आणि समोरून दिसणारा डावा-उजवा कलही पाहून घ्या. रेकॉर्ड वाजत असताना आर्म रेकॉर्डला साधारण समांतर दिसावा. जाड मॅट घातली तर आर्मचं हे गणित बदलतं, हे मॅट विकणारे सांगत नाहीत.

सुई: खरी सुधारणा इथे

मोठा खर्च करायचाच तर इथे करा. स्वस्त यंत्रांबरोबर बहुतेक वेळा गोल टोकाची सुई येते, तिला कोनिकल म्हणतात. टोक जाड, त्यामुळे खाचेतल्या बारीक वळणांत ते पूर्ण शिरत नाही. त्याच्या पुढे इलिप्टिकल, म्हणजे बाजूंनी अरुंद केलेलं टोक, आणि त्याही पुढे मायक्रोलाइन, शिबाता यांसारखे आकार.

फरक कुठे कळतो? बाजूच्या शेवटी. एलपी सबंध वेळ मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच फिरते, पण बाहेरच्या कडेला एका सेकंदात सुईखालून सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ सुमारे २१ सेंटिमीटर. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं. आता भीमसेनजींची किंवा किशोरीताईंची ख्यालाची एलपी लावा. विलंबित बाहेरच्या ऐसपैस खाचांत आरामात पार पडतं. तबल्याची लय चढते, द्रुत येतं, तानांचा सपाटा सुरू होतो, तोवर सुई नेमकी सगळ्यात अरुंद जागी पोचलेली असते. गाणं जिथे शिगेला जातं तिथेच कोनिकल सुई हार खाते: तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात, हार्मोनियमची धार बोथट होते, तार सप्तकाचा षड्ज चिरका लागतो. लोक म्हणतात रेकॉर्डच खराब आहे. चांगली इलिप्टिकल सुई लावून तीच बाजू ऐकली की निम्म्या वेळा रेकॉर्ड निर्दोष सुटते. पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्यांपेक्षा आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना सुईचा आकार जास्त जाणवतो, असं माझं मत आहे ते यामुळे.

व्यवहारात काय घ्यावं? एलपी६०एक्ससारख्या यंत्रात एटीएन३६००एल प्रकारची सुई असते. पुढचा भाग खाली दाबत ती निघते, नवी उलट क्रमाने बसते, स्क्रूची गरज नाही. याच बैठकीत बसणाऱ्या इलिप्टिकल सुयाही मिळतात, त्यातली एक लावून बघा. नाव नसलेली, डबीवर फक्त 'डायमंड' लिहिलेली स्वस्त सुई मात्र टाळा.

एटी-एलपी१२०एक्ससोबत व्हीएम९५ई कार्ट्रिज येतं आणि ही मालिका फार सोयीची आहे. शरीर तेच ठेवून सुई तेवढी बदलायची: हिरवी ई इलिप्टिकल आहे, ती काढून लाल एमएल, म्हणजे मायक्रोलाइन, सरकवा. कार्ट्रिज उतरवायचं नाही, तारा काढायच्या नाहीत. फक्त प्रोट्रॅक्टर आणि काटा पुन्हा एकदा लावून खात्री करा, कारण टोक जितकं धारदार तितकी कोनातली चूक जास्त ऐकू येते. ऑर्टोफॉनमध्येही तसंच, २एम रेडच्या शरीरात २एम ब्लूची सुई बसते.

महाग वाटणारी सुई तासांच्या हिशेबात तपासा. ऑडिओ-टेक्निकाचा स्वतःचा अंदाज असा आहे: कोनिकल ५०० तास, इलिप्टिकल ३०० तास, मायक्रोलाइन १००० तास. मायक्रोलाइन इलिप्टिकलच्या तिपटीहून जास्त चालते. रोज एक एलपी, म्हणजे साधारण पाऊण तास ऐकणाऱ्याची इलिप्टिकल सुई वर्ष-सव्वा वर्षात उतरते.

पूर्ण कार्ट्रिज बदलायचं असेल तर

सुई काढून बाजूला ठेवा किंवा टोपण घट्ट बसवा, त्याशिवाय हात लावू नका. हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसतं तो आर्मचा पुढचा तुकडा, निघत असेल तर काढून टेबलावर, पांढऱ्या कापडावर काम करा. पडलेला स्क्रू निदान सापडतो.

मागच्या चार तारा बारीक चिमट्याने, धातूच्या टोपीला पकडून ओढा, तारेला धरून ओढू नका. रंग ठरलेले आहेत: पांढरी डाव्याची धन, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. नव्या कार्ट्रिजच्या पिनांवरही बहुधा हेच रंग असतात. टोपी सैल वाटली तर काढून चिमट्याने किंचित दाबा. पिनांवर थेट सोल्डर कधीच करू नका, आतली केसासारखी वेटोळी उष्णतेने जातात.

व्हीएम९५ई चं वजन ६.१ ग्रॅम, २एमचं ७.२. म्हणजे एक काढून दुसरं लावलं की आर्मचा तोल बदलतो. दाब, अँटी-स्केट, कोन, उंची, सगळं पुन्हा करायचं. याला पर्याय नाही. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका.

प्री-अँप आणि ती गुणगुण

कार्ट्रिजमधून येतो तो सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा. साध्या 'लाइन' किंवा 'ऑक्स' इनपुटला शेकडो मिलिव्होल्ट लागतात. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तीव्र स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या लाटा शेजारच्या खाचेत घुसतील. १९५४ पासून आरआयएए नावाचं जे प्रमाण रूढ झालं, त्यानुसार फोनो प्री-अँप हे उलट करून देतो: २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबेल वाढ, वरच्या टोकाला तेवढीच घट, आणि एकूण सिग्नल साधारण शंभरपट.

आजच्या स्वस्त टर्नटेबलमध्ये प्री-अँप आतच असतो आणि मागे 'फोनो/लाइन' अशी कळ असते. चूक दोन प्रकारे होते. कळ 'लाइन'वर आणि केबल अँप्लिफायरच्या 'फोनो' सॉकेटमध्ये, म्हणजे दोनदा प्री-अँप, आवाज फाटलेला आणि घोगरा. किंवा कळ 'फोनो'वर आणि केबल 'ऑक्स'मध्ये: आवाज अगदी बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. आवाज खराब म्हणून टर्नटेबल विकायला काढणाऱ्यांनी आधी ही कळ बघावी.

घरात जुना जपानी किंवा भारतीय अँप्लिफायर असेल आणि त्यावर 'फोनो' सॉकेट असेल तर कळ 'फोनो'वर करून तो वापरून बघा. बऱ्याचदा तो आतल्या प्री-अँपपेक्षा सरस निघतो आणि खर्च शून्य. वेगळा प्री-अँप घ्यायचाच तर मूव्हिंग मॅग्नेटसाठी (वरची मॅग्नेटिक कार्ट्रिज याच प्रकारातली) ४७ किलोओहमचा, शक्यतो कपॅसिटन्स (विद्युतधारिता) निवडता येणारा घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या कार्ट्रिजना केबल धरून १०० ते २०० पिकोफॅरड मानवतात, ऑर्टोफॉन २एमला १५० ते ३००. जास्त झालं की आवाजाला वरच्या पट्टीत एक बोचरी चमक येते. केबल लांबली की हा आकडा वाढतो, म्हणून टर्नटेबल ते प्री-अँप ही केबल आखूड ठेवा. सोन्याच्या मुलाम्यापेक्षा तिची लांबी जास्त महत्त्वाची.

गुणगुण येत असेल तर आधी अर्थची ती एकटी बारीक तार अँप्लिफायरच्या स्क्रूला लागली आहे का बघा. मग आर्मच्या धातूला बोट लावा. गुणगुण बदलली तर अर्थिंगचाच घोळ आहे. टर्नटेबल अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन फूट दूर सरकवा. वायफायचा राउटर बाजूला करा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असताना चर्रर्र आवाज येत असेल तर पंखा पूर्ण वेगावर करून बघा, आवाज थांबला की चोर सापडला. आणि गुणगुण घालवण्यासाठी अँप्लिफायरची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, शॉक बसेल.

गती, आणि अमेरिकेहून आणलेली यंत्रं

प्लॅटरवर ठेवून दिव्याखाली गती तपासायची, प्रोट्रॅक्टरसारखीच छापून घेता येणारी रेघांची स्ट्रोब चकती मिळते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघांची चकती हवी. नेटवर सहज सापडते ती बहुधा अमेरिकन, ६० हर्ट्झची, २१६ रेघांची, ती इथे चुकीचं सांगते. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा दिसतच नाहीत, जुना पिवळा बल्ब लावा. रेघा स्थिर दिसल्या की गती बरोबर. फोन प्लॅटरवर ठेवून मोजणारी ॲपही ठीक काम देतात.

पेटीवर सूर जुळवून गती तपासू नका, गायकाची पट्टी पेटीच्या स्वराला तंतोतंत मिळालेली असेलच असं नाही. अर्धा-एक टक्का फरक बहुतेकांना कळतही नाही, एका पट्टीचं अंतर साधारण सहा टक्क्यांचं असतं. पण लांबवलेला स्वर लहरत असेल, तंबोरा डोलत असेल, तर बेल्ट उतरवून बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने मोटरची पुली आणि बेल्ट फिरतो ती कड पुसा. बेल्ट सैल किंवा तडकलेला असेल तर बदला. खोबरेल, मोहरीचं तेल असलं काही बेअरिंगमध्ये घालू नका, ते काही महिन्यांत चिकट होतं.

न्यू जर्सी किंवा बे एरियातून येताना जुनं टर्नटेबल सामानात घालून आणणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी मोटर कोणती ते बघावं. ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चिंता नाही. थेट विजेवर चालणारी एसी सिंक्रोनस मोटर असेल तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावूनही भागत नाही, कारण गती हर्ट्झवर ठरते. ६० च्या जागी ५० मिळाले की ३३⅓ च्या जागी २७.८ फेऱ्या होतात आणि काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरते. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळवावी लागते. याच मोटरी स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर घुमतात, लोडशेडिंगमध्ये त्यांना विश्रांती द्यावी.

रेकॉर्ड धुणं

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली रेकॉर्ड न धुता नव्या सुईखाली घालू नका. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या आतल्या पिशवीत रेकॉर्डवर पांढरी बुरशी धरते, ती नुसत्या फडक्याने जात नाही, खाचेत आणखी आत बसते.

पाणी डिस्टिल्ड हवं. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं, फक्त बाटलीत ॲसिड नाही ना हे लेबल वाचून बघा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार खाचेत वाळून बसतात. त्यात दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पातळ डिशवॉशचे दोन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल-गोल घासा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढा आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये सावलीत उभी वाळवा. उन्हात ठेवलीत तर वाकडी होईल. वाळल्यावर जुन्या पिशवीत परत घालू नका, नवी घ्या.

एक पक्का अपवाद: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते. आणि त्या एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची गोल सुई १८ च्या आसपास. बारीक सुई तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय काही हाती लागत नाही. व्हीएम९५ मालिकेत एसपी नावाची सुई खास यासाठीच आहे, मात्र टर्नटेबलवर ७८ ची गती असायला हवी.

साठच्या दशकातल्या भावगीतांच्या, नाट्यपदांच्या बऱ्याच रेकॉर्ड मोनो आहेत. अँप्लिफायरवर 'मोनो' बटण असेल तर त्या वाजवताना दाबा. खाचेतली वर-खाली होणारी खरखर एकमेकींना छेदून बरीच कमी होते. जुन्या मराठी रेकॉर्डचा संग्रह असणाऱ्याला एवढा मोठा फायदा दुसऱ्या कुठल्याही फुकट उपायाने मिळणार नाही.

कुठे थांबावं

एलपी६०एक्सवाल्याने कडप्पा, धुलाई आणि एक इलिप्टिकल सुई इथे थांबावं. त्यापुढचे पैसे साठवून तिसऱ्या गटात जावं. कडप्पा, काटा आणि ब्रश बरोबर येतीलच. एलपी१२०एक्स किंवा प्लॅनर १ वाल्याने सुई-कार्ट्रिज आणि त्यानंतर प्री-अँप इथपर्यंत निर्धास्त जावं, कारण दोन्ही पुढच्या यंत्रावर चढतात. ॲक्रिलिक प्लॅटर, खास बेल्ट, बदललेली मोटर अशा त्याच यंत्रात अडकून राहणाऱ्या वस्तूंवर टर्नटेबलच्या निम्म्या किमतीएवढा खर्च होऊ लागला की ते विकून वरचं घेणं स्वस्त पडतं. फेल्टची मॅट धूळ आणि स्थिर वीज धरते, कॉर्कची पातळ मॅट घेतलीत तर हरकत नाही, पण आवाजात क्रांती होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

नवी सुई बसवल्यावर पहिल्या तीस-चाळीस तासांत तिचं रबर थोडं सैलावतं, तेव्हा काटा आणि प्रोट्रॅक्टर पुन्हा काढा. सुई बसवल्याची तारीख प्लॅटरच्या खाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. नाहीतर ३०० तास कधी उलटले ते कळणार नाही, आणि झिजलेली सुई नव्या रेकॉर्डची खाच कायमची खाऊन टाकते.